रात्रपाळीला किती जण?

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते गल्लीतलं दहा-पंधरा खाटांचं, बाळंतपणं आणि हर्नियाची ऑपरेशनं करणारं खाजगी हॉस्पिटल. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला महिनोन्महिने सांभाळणाऱ्या जागेला पुण्यात कुणी केअर सेंटर म्हणतं, कुणी शुश्रूषा केंद्र, कुणी नुसतंच आश्रम. पाटीवरून आत काय चालतं ते कळत नाही. आम्ही सिंहगड रोड, धायरी, वारजे, कोथरूड या पट्ट्यातल्या नऊ जागा पाहिल्या. रुग्णाची अवस्था अशी: वय ८१, पक्षाघातानंतर उजवी बाजू गेलेली, बोलणं जवळजवळ बंद, नाकातून पोटात जाणारी भरवायची नळी (रायल्स ट्यूब), लघवीला कॅथेटर. हे सांगायचं कारण एवढंच, की जागांची तुलना रुग्णाला धरूनच करावी लागते. हिंडत्याफिरत्या आजोबांसाठी झकास असलेली जागा नळीवरच्या आजींच्या काही कामाची नसते.

फोनवरच अर्धी चाळणी होते. आम्ही तीनच गोष्टी विचारायचो. नळीचा रुग्ण घेता का? खाटा किती आणि रात्री माणसं किती? महिन्याच्या दरात काय काय धरलंय? ‘सगळं होतं हो, तुम्ही एकदा येऊन तर बघा’ असं उत्तर आलं की ती जागा यादीत खाली जायची. चांगल्या ठिकाणची बाई उलट आपल्यालाच विचारते: वजन किती, बेडसोअर (पडून पडून होणारी जखम) आहे का, शुगर आहे का, झोप कशी आहे, हात मोकळा ठेवला तर नळी ओढतात का. हे प्रश्न ज्याला पडतात त्याने असे रुग्ण हाताळलेले असतात.

आता रात्रीच्या माणसांचा हिशोब, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या माणसाला दर दोन तासांनी वळवावं लागतं. एकट्याने वळवलं तर कातडी चादरीवर घासली जाते, म्हणून दोघं लागतात. वळवणं, डायपर बघणं, ओला असेल तर पुसून कोरडं करून बदलणं, पाठीला आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी लावणं, टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली घडी ठेवणं, याला घाई न करता आठेक मिनिटं जातात. २४ खाटांच्या जागेत असे १२ जण धरा. बारा आठे शहाण्णव. १२० मिनिटांच्या फेरीत उरली २४ मिनिटं. त्यात कुणाला उलटी होणार, कुणी कठड्यावरून पाय टाकणार, कुणी ‘आई गं’ करत बसणार. म्हणजे दोन माणसं जेमतेम पुरतात, तीही रात्रभर बसली नाहीत तर. अशा ठिकाणी ‘रात्री एक मामा आणि एक मावशी असते, सिस्टर ऑन कॉल’ हे उत्तर मिळालं, तर मावशी स्वयंपाकघरात झोपते की वॉर्डात, हेही विचारून घ्यावं. एका जागी रात्री २२ खाटांना एकच माणूस होता आणि वळवण्याच्या तक्त्यावर मात्र दर दोन तासांच्या सह्या बिनचूक होत्या. गणित येणाऱ्याला त्या सह्यांचा अर्थ सांगायला नको.

तक्ता बघायला मागायचाच. खाटेच्या पायथ्याशी लटकवलेल्या पाटीवर बीपी, नाडी, ताप, ऑक्सिजन, फीड किती दिलं, लघवी किती झाली हे लिहिलेलं असतं. वाचताना आकड्यांपेक्षा शाईकडे लक्ष द्या. दिवसभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, एका ओळीत उतरल्यासारख्या असतील तर त्या एका बैठकीत लिहिल्या आहेत. सलग आठवडाभर १२०/८० हे कुणाही ८० वर्षांच्या माणसाचं बीपी नसतं. एके ठिकाणी दुपारी साडेतीनला आम्ही उभे होतो आणि पाटीवर संध्याकाळी सहाचं बीपी आधीच हजर होतं. याउलट, एका साध्याशा जागेतल्या वहीत ‘पहाटे ४ – कॅथेटरमधून लघवी कमी, नळी दुमडली होती, सरळ केली, ५ वाजता २०० मिली’ अशी खरडलेली ओळ सापडली. अक्षर वाईट होतं. जागा आम्ही पहिल्या तिनांत घेतली.

पहिल्या भेटीत ते दाखवतात ते पाहायचं: बाग, गणपती, टीव्हीचा हॉल. दुसरी भेट न सांगता द्यायची. ‘भेटीची वेळ चार ते सहा’ ही पाटी सगळीकडे असते आणि तिला कारणही आहे. दुपारी माणसं झोपतात आणि कुणाचं अंग पुसणं चालू असताना परक्यांनी हिंडणं बरं नव्हे. म्हणून दोनच वेळांची परवानगी आधी मागून घ्यायची, दिवस मात्र सांगायचा नाही: सकाळी सहा किंवा रात्री आठ. बहुतेक ठिकाणी बारा तासांच्या पाळ्या आठाला बदलतात. जाणारी माणसं येणाऱ्यांना खाटेजवळ उभं राहून काही सांगतात का, की गेटावरच ‘चल, निघते’ होतं, ते पाच मिनिटांत दिसतं. सकाळी सहाला रात्रीचा निकाल दिसतो: पायघोळ गाऊन पाठीपर्यंत ओला असेल तर डायपर निदान पाच-सहा तास बदललेला नाही. एकदाही यायला सरसकट नाही म्हणणारी जागा आम्ही तिथल्या तिथे खोडली.

वासाबद्दल एक. डायपर बदलण्याच्या वेळी लघवीचा वास येणारच, त्यावरून नाक मुरडू नये. गादीला, पडद्याला, भिंतीच्या कोपऱ्याला बसलेला वास वेगळा असतो आणि तो फिनेलखालूनही कळतो. रेक्झिनची गादी शिवणीपाशी फाटली असेल तर ओल आतल्या फोममध्ये मुरते. मग चादर रोज बदलून उपयोग नाही. वाकून शिवण बघायला लाजू नका. दारातच फिनेलचा भपकारा आला तर मात्र आम्ही जास्त सावध व्हायचो.

एअरबेड बहुतेकांकडे असतो. बुडबुड्यांची ती गादी नुसती अंथरून भागत नाही, तिचा पंप रुग्णाच्या वजनाला लावावा लागतो. तपासायचं असं: तळहात वर करून हात गादीखाली, बरोबर माकडहाडाच्या खाली सरकवायचा. वर निदान इंचभर हवेचा थर जाणवला पाहिजे. हाड थेट हाताला लागत असेल तर गादी बसलेली आहे आणि माणूस खालच्या पलंगावरच झोपला आहे. दोन ठिकाणी पंप चालू होता, हिरवा दिवा लागलेला होता, पण नळी खाटेच्या चाकाखाली चिमटली होती. वीज गेली की काही तासांत या गाद्या बसतात, म्हणून इन्व्हर्टरवर नेमकं काय काय जोडलंय ते विचारायचं. एअरबेडच्या पंपाला नगण्य वीज लागते. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र) मात्र तीनशे वॉटच्या आसपास खातो आणि घरगुती इन्व्हर्टर त्याला फार वेळ पुरत नाही. कॉन्सन्ट्रेटर असेल तिथे भरलेला सिलिंडर, त्याची चावी आणि गेज एकाच जागी आहेत ना, हे बघायचं. सिलिंडर होता, चावी ऑफिसच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली मॅनेजरकडे, हेही पाहिलं.

बेडसोअरबद्दल प्रत्येक जण ‘आमच्याकडे होतच नाहीत’ म्हणतो. ते सोडून द्या आणि ‘सध्या किती जणांना आहेत, ते इथे झाले की येताना होते?’ असं विचारा. हॉस्पिटलातून जखम घेऊनच येणारे पुष्कळ असतात, त्यामुळे ‘चार आहेत, तीन येतानाचे, एक इथला’ हे उत्तर ‘एकही नाही’पेक्षा विश्वासाचं. सिस्टरला सुरुवात ओळखता येते का, तेही बघायचं. लाल झालेल्या जागी बोट दाबून उचललं की कातडी क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल व्हायला हवी. लालीच हलत नसेल तर ती सुरुवात. सावळ्या अंगावर लाली दिसतच नाही, तिथे आजूबाजूपेक्षा काळसर, गरम किंवा टणक लागतं. बघायच्या जागा म्हणजे माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू. आणि नळीवाल्यांची नाकपुडी, जिथे चिकटपट्टी ताणून बसलेली असते. लाल जागेवर जोरात मालीश करणारी मावशी प्रेमळच असते, पण त्याने खालची कातडी आणखी फाटते.

नळीतून भरवणं एकदा डोळ्यांसमोर करून दाखवायला सांगायचं. आम्ही हे सगळीकडे मागितलं, नऊपैकी सहांनी दाखवलं. खाट डोक्याकडून तीस ते पंचेचाळीस अंश उचलली का? नळी जागेवर असल्याची खात्री केली का, म्हणजे नाकाजवळची खूण सरकलेली नाही हे बघितलं का आणि सिरिंजने थोडं मागे ओढून पोटातलं पाणी येतं का ते पाहिलं का? ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून, ती उंच धरून फीड आपोआप उतरू दिलं, की दट्ट्याने ढकललं? एका वेळी साधारण २०० ते २५० मिली, शेवटी थोडं साधं पाणी घालून नळी धुतली का? आणि भरवल्यावर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, डोकं खाली केलं नाही ना? इथे घोळ होतो, कारण फीडची वेळ आणि कूस बदलायची वेळ एकच पडते. भरवून लगेच सपाट करून वळवलं की फीड घशात येतं, तिथून फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी ताप येतो. आधी वळवायचं, मग भरवायचं, हा क्रम ज्या जागेच्या वेळापत्रकात छापलेला दिसला तिथल्या सिस्टरबद्दल आदर वाटला.

गोळ्या कुटून नळीतून देतात, तिथेही एक प्रश्न असतो. सगळ्या गोळ्या कुटायच्या नसतात. पँटोप्राझोलसारख्या गोळीला पोटातल्या आम्लापासून वाचवणारं आवरण असतं, ती कुटली की आवरणाचा उपयोग संपला. हळूहळू सुटणारी बीपीची गोळी कुटली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. ‘यातली कुठली कुटत नाही?’ असं विचारल्यावर सिस्टरने डॉक्टरांशी बोलून घ्यावं लागेल म्हटलं तरी चालेल. ‘सगळ्या बारीक करून देतो, काळजी करू नका’ म्हटलं तर काळजी करावी.

‘सिस्टर’ हा शब्दही सैल वापरला जातो. जीएनएम हा नर्सिंगचा मोठा डिप्लोमा झालेली नर्स, एएनएम हा त्याहून लहान कोर्स झालेली नर्स आणि माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेली, सहा महिन्यांचा कोर्स केलेली किंवा न केलेली मुलगी, तिघींनाही पांढरा कोट घातला की सिस्टरच म्हणतात. नर्सची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. नंबर विचारला तर राग यायचं कारण नाही. इन्सुलिन, नळी बदलणं, कॅथेटर हे नोंदणी झालेल्या नर्सच्या हातून व्हावं. वळवणं, भरवणं, अंघोळ याला मात्र चार वर्षं तिथेच टिकलेली मावशी नव्या नर्सपेक्षा सरस असते. म्हणून मॅनेजरला नव्हे, मावशींनाच विचारायचं, ‘मावशी, इथे कधीपासून?’ सगळ्यांची उत्तरं महिना-दोन महिन्यांतली आली तर पगार वेळेवर होत नसणार किंवा कामाचा भार झेपत नसणार. मावश्या आणि मामा बहुतेक बाहेरगावचे असतात. दिवाळीत आणि लग्नसराईत किती उरतात, हा प्रश्न ऐकून दोन ठिकाणचे मालक हसले आणि मग खरं बोलले.

कागद भिंतीवर फ्रेममध्ये असतात, जवळ जाऊन वाचावेत. शॉप अ‍ॅक्ट, उद्यम (लघुउद्योग म्हणून नोंदणी), धर्मादाय आयुक्तांकडची न्यासनोंदणी आणि शुश्रूषागृहाची, म्हणजे नर्सिंग होमची, नोंदणी या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्या तिन्हींचा रुग्णसेवेशी संबंध नाही. शेवटची १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली, शहरात महापालिकेकडून मिळते. तिच्यावर मुदत असते, ती संपलेली नाही ना बघायचं. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे तिथे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. अनेक केंद्रं स्वतःला वृद्धाश्रम म्हणवून ही नोंदणी घेतच नाहीत. तिथे माणसं चांगली असू शकतात, पण नळी आणि कॅथेटर हाताळायला ती कुणाच्या देखरेखीखाली आहेत हे मग आपणच विचारायचं. आगीबद्दल ‘फॉर्म बी’ मागा: अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं हे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यावं लागतं. बरीच केंद्रं भाड्याच्या बंगल्यात आहेत. जिना वळणाचा असेल तर स्ट्रेचर वळत नाही, माणसाला चादरीत घालून उतरवतात. वरच्या मजल्यावरची हवेशीर खोली आम्ही याच कारणाने दोनदा नाकारली.

पैशांचं तुलनापत्रक वहीवर मांडल्याशिवाय खरा दर कळत नाही. उदाहरणार्थ, एक जागा ३०,००० सांगते, दुसरी ३८,०००. पहिलीत डायपर वेगळे: दिवसाला ४, महिन्याला १२०, चाळीस रुपयांनी ४,८००. अंडरपॅड दिवसाला २, वीस रुपयांनी १,२००. फिजिओथेरपी आठवड्यातून तीनदा, म्हणजे महिन्याला बारा वेळा, पाचशेने ६,०००. झाले ४२,०००. डॉक्टरांची व्हिजिट, कॅथेटर बदलणं, ‘नळीचा चार्ज’ आणि औषधं यात धरलेलीच नाहीत. दुसरीत यातलं काय काय आत आहे ते लिहून घेतलं की स्वस्त-महाग उलटंपालटं होतं. डिपॉझिट किती दिवसांत परत, रुग्ण महिन्याच्या मध्येच गेला किंवा हॉस्पिटलात हलवला तर उरलेल्या दिवसांचं काय, हॉस्पिटलात असताना खाट धरून ठेवायचे किती, दरवाढ वर्षात कितीदा, हे करारात असायला हवं. मेडिक्लेमची आशा ठेवू नये. निव्वळ निगा राखण्याचा खर्च पॉलिसीत बसत नाही.

डायपर आपण आणून देत असू तर पाकिटांवर नाव आणि तारीख लिहून मोजून द्यावेत. १२० दिले, दहा दिवसांनी ८० उरायला हवेत. साठच उरले तर दुसऱ्याला वापरले गेले, बोलून मिटतं. पण ९५ उरले असतील तर बदललेच गेले नाहीत, आणि ते चोरीपेक्षा कितीतरी वाईट. तेव्हा पाठ उघडून बघायची.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी जागा बघत असाल तर वरच्यातलं निम्मं गैरलागू होतं आणि दोन गोष्टी वर येतात. एक, संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास अशी माणसं बावरतात, घरी जायचं म्हणतात, दारं ठोठावतात. त्या वेळी जा. कुणी सोबत चालतंय, बोलतंय, भाजी निवडायला देतंय, की खुर्चीला ओढणीने बांधलंय? दोन, त्या वेळी सगळेच शांत झोपलेले असतील तर गुंगीच्या गोळ्या देतात का ते बघायला गोळ्यांची यादी मागा. आणि अचानक वाढलेली असंबद्धता ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतात, की रक्तातल्या सोडियमची आणि लघवीची तपासणी करतात, हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. म्हाताऱ्या माणसात सोडियम घसरलं किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला की पहिलं लक्षण पुष्कळदा तेवढंच असतं.

एक प्रश्न तोंडातून निघत नाही, पण विचारावा लागतो: रात्री माणूस गेला तर दाखला कोण देतं? हॉस्पिटलबाहेर झालेल्या मृत्यूचं कारण डॉक्टरांना फॉर्म ‘४ अ’वर लिहून द्यावं लागतं आणि त्याशिवाय स्मशानातला पास मिळत नाही. केंद्राचे डॉक्टर नियमित येऊन बघत असतील तर ते देतात. महिनोन्महिने फिरकलेलेच नसतील तर सही करायला कचरतात, मग हॉस्पिटलात न्यावं लागतं, तिथे ‘मृतावस्थेत आणले’ अशी नोंद होते आणि पोलिस, शवविच्छेदन असं लांबू शकतं. ‘डॉक्टर आठवड्याला येतात’ म्हणणाऱ्या जागेत तक्त्यावर त्यांची शेवटची सही कोणत्या तारखेची आहे, ते यासाठीही बघायचं.

जागा ठरली तरी पहिले पंधराच दिवस घ्यावेत, महिन्याचे पैसे न भरता. दाखल करताना सिस्टरच्या समोर माकडहाड, टाचा, खुबे, नाकपुडी यांचे तारखेसह फोटो काढायचे आणि ‘येताना अमुक जागी लाली’ असं कागदावर लिहून दोघांनी सही करायची. पुढचे नव्वद टक्के वाद यावरच होतात. अंथरुणावरच्या माणसाचं वजन करणं अवघड, म्हणून खंगत चाललंय का ते कळायला दंडाच्या मध्यावर पेनाची खूण करून शिंप्याच्या टेपने घेर मोजून ठेवला. दर रविवारी त्याच खुणेवर मोजायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी केस विंचरलेला, टिकली लावलेला फोटो येतो, त्याने मुलाबाळांना बरं वाटतं. आम्ही आठवड्यातून एकदा टाचांचा आणि पाठीचा मागायचो.

खाटेच्या कठड्याला एक प्लास्टिकची फाइल अडकवून ठेवायची. पहिल्या पानावर आजार, सगळ्या औषधांची नावं आणि वेळा, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती लाल शाईने, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते. मागे शेवटचा ईसीजी, आधारची झेरॉक्स, मेडिक्लेमचं कार्ड. १०८ ची गाडी आली की हीच फाइल उचलून न्यायची, हे रात्रीच्या मामांना तोंडी सांगायचं, मॅनेजरला नव्हे. फोन नंबर तीन लिहायचे. पहिला इथल्याचा. दुसरा, पोरं परदेशात असतील तर तिकडचा. रात्री दोनला पुण्यातले फोन सायलेंटवर असतात, न्यू जर्सीत तेव्हा उन्हाळ्यात दुपारचे साडेचार वाजलेले असतात आणि फोन पहिल्या रिंगला उचलला जातो. पण अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसायला तिथून कुणी येऊ शकत नाही, म्हणून तिसरा नंबर केंद्रापासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या कुणाचा तरी, आणि त्यांना आधी विचारून.